हँडल ते बटण : गाडीच्या बॅटरीवर वाढत गेलेल्या भाराची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण रस्त्यांविषयी बोललो. आज रस्त्यावरच्या गाडीकडे वळू, तेही तिच्या अगदी मागच्या टोकाकडे, म्हणजे डिकीकडे.

सुरुवात घरच्याच प्रसंगाने करतो. पहाटे सहाला गावी निघायचं होतं आणि बॅगा खाली आणून ठेवल्या होत्या. किल्लीवरचं बटण दाबल्यावर डिकीचं दार चार बोटं वर आलं, तीनदा टीं-टीं केलं आणि थांबलं. मग आम्ही त्या दाराच्याच मागे लागलो. कुलपात कचरा गेलाय का, दांड्यातला गॅस गेलाय का, फ्यूज उडालाय का, असा अर्धा तास घालवला. दाराला काहीही झालं नव्हतं. बॅटरी उतरली होती. रोग एका टोकाला आणि दुखणं दुसऱ्या टोकाला, असा तो प्रकार. हे असं का होतं, याचं उत्तर इतिहासात आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने हाताची एकेक कामं बॅटरीवर टाकली, त्याची ही गोष्ट.

आधी बॅटरीचं मूळ पाहू. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युतघट तयार केला. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी त्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप द्यायची युक्ती काढली आणि घटाची साठवणक्षमता पुष्कळ वाढली. आजही तुमच्या बोनेटखाली बहुधा तीच शिसे-आम्लाची बॅटरी आहे. एका घटाचा दाब साधारण २.१ व्होल्ट. असे सहा घट ओळीने जोडले की १२.६ व्होल्ट होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत अशी की सुरुवातीच्या पेट्रोल गाड्यांचं इंजिन फिरवायला बॅटरी लागत नसे. इंजिन माणूस फिरवायचा. पुढे वाकायचं, लोखंडी हँडल भोकात घालायचं आणि हिसका द्यायचा. ठिणगी चुकीच्या क्षणी पडली तर इंजिन उलटं फिरे आणि हँडल हातावर बसे. मनगटं मोडत, जबडे फुटत. म्हणून जुने ड्रायव्हर शिकवायचे, की अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आपल्याकडे अँबॅसेडर आणि फियाटच्या काळापर्यंत हँडल डिकीत पडलेलं असायचं. तुमच्यापैकी काहींनी ते मारलंही असेल.

अमेरिकेत बायरन कार्टर नावाचे मोटार-उत्पादक होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वाटेत बंद पडलेल्या एका बाईची गाडी सुरू करून देताना हँडल उलटलं, जबडा मोडला आणि त्यातून पुढे १९०८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलँड हळहळले आणि त्यांनी हँडल नको असं ठरवलं. या गोष्टीच्या तपशिलांवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, तेव्हा आपणही ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. दंतकथा टिकली, कारण हँडलची भीती खरी होती.

लीलँड यांना उत्तर दिलं ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. केटरिंग आधी गल्ला मोजणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत होते. तिथे त्यांनी विजेवर उघडणारा गल्ला केला होता. गल्ल्याच्या मोटारीला दिवसभर फिरायचं नसतं, क्षणभर जोर लावायचा असतो. थोड्या वेळासाठी लहान मोटारीवर तिच्या ताकदीपलीकडचा भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायच्या आत काम संपलेलं असतं. हाच विचार त्यांनी इंजिनाला लावला. १९११ च्या सुरुवातीला यंत्रणा तयार झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये बसून आली. तिच्यात एकच यंत्र सुरुवातीला मोटार म्हणून इंजिन फिरवी आणि मग इंजिनच त्याला फिरवून बॅटरी भरून घेई. त्याच विजेवर दिवेही लागत.

इंग्रजीत त्याला ‘सेल्फ-स्टार्टर’ म्हणत. आपल्या मेकॅनिकांनी त्यातला ‘सेल्फ’ ठेवला आणि ‘स्टार्टर’ टाकून दिला. ‘सेल्फ मारून बघ’, ‘सेल्फ उचलत नाही’ असं आपण सहज बोलतो, त्या शब्दाचा उगम इथे आहे.

या शोधाचा एक उलटा परिणाम झाला. त्या काळी विजेवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. त्यांना हँडल लागत नसे, म्हणून शहरातल्या स्त्रियांना त्या पसंत होत्या. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड विजेची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायच्या. सेल्फ आल्यावर पेट्रोल गाडीची मोठी अडचण संपली आणि विजेच्या गाड्या मागे पडत गेल्या. म्हणजे विजेच्या गाडीला हरवायला पेट्रोल गाडीने बॅटरीचीच मदत घेतली.

पुढचा टप्पा पन्नासच्या दशकातला. तोवर बहुतेक अमेरिकन गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असे. इंजिनं मोठी झाली, त्यांचा दाब वाढला, ती फिरवायला जास्त जोर लागू लागला. रेडिओ, हीटर, विजेच्या काचा आल्या. त्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या गाड्या १२ व्होल्टवर गेल्या. तेवढ्याच शक्तीला आता निम्मा प्रवाह पुरतो, त्यामुळे तारा बारीक चालतात.

पण भरणारं यंत्र जुनंच होतं, म्हणजे डायनॅमो. इंजिन संथ फिरत असेल तर डायनॅमो जवळजवळ काही देत नसे. सिग्नलला दिवे मंद व्हायचे, आठवतं ना? सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर आल्टरनेटर गाडीत आला. १९६० च्या व्हॅलियंट गाडीत क्रायस्लरने तो सरसकट दिला. संथ फिरतानाही तो बॅटरी भरतो. त्यामुळे गाडी बनवणाऱ्यांचा धीर वाढला आणि बॅटरीवर आणखी कामं टाकता येऊ लागली.

आता डिकीकडे येऊ. हा शब्दही इंग्रजीतून आलेला. घोडागाडीच्या मागच्या बाजूला नोकराची बैठक असे, तिला ‘डिकी’ म्हणत. मोटारीतही मागे उघडणारी तशी बैठक आली. बैठक गेली, सामानाची जागा उरली. इंग्रज तिला ‘बूट’ म्हणू लागले, आपण मात्र ‘डिकी’ सोडली नाही.

मागचं अख्खं दार वर उचललं जाणाऱ्या गाड्या युरोपात साठच्या दशकात रुळल्या : १९६१ ची रेनो ४, १९६५ ची रेनो १६. आपल्याकडे मारुती ८०० मुळे असं दार घरोघरी पोचलं. ते दार हाताने उचलता येण्याइतकं हलकं होतं. मोठ्या गाड्यांचं दार जड असतं, ते तोलून धरायला दोन्ही बाजूंना दाबलेल्या गॅसचे दांडे आले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७१ ते १९७६ या काळात मोठ्या स्टेशन वॅगनमध्ये वेगळाच प्रयोग केला. मागची काच विजेने छतात सरके आणि खालचं दार फरशीखाली जाई, तेही हवं तर विजेने. पुढच्या लहान आकाराच्या गाड्यांत तो थांबला. सध्याचं वर उचललं जाणारं विजेचं दार साधारण २००० नंतर मोठ्या कौटुंबिक गाड्यांमध्ये पसरलं. आणि २०१२ च्या सुमारास फोर्डच्या कुगा-एस्केप गाडीत बंपरखाली पाय हलवला की दार उघडू लागलं.

हे दार उघडतं कसं? बऱ्याच गाड्यांत त्या दांड्यातच मोटार आणि लांब स्क्रू असतो. मोटारीचे फेरे मोजून छोटा संगणक दार कुठे आहे ते ओळखतो. वाटेत कुणाचा हात आला तर भार वाढतो आणि दार थांबून उलटं फिरतं. इतकं सगळं व्होल्टच्या भरवशावर चालतं. व्होल्ट ठरलेल्या मर्यादेखाली गेले की संगणक काम नाकारतो. दार अर्ध्यावर अडकण्यापेक्षा आणि गाडी सुरूच न होण्यापेक्षा हे बरं, असा त्यामागचा हिशेब. आमच्या पहाटेच्या टीं-टींचा अर्थ हाच होता.

म्हणून असं झालं तर दाराआधी बॅटरी तपासा. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारं मल्टिमीटर पुरतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा साडेनऊच्याही खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवेत. ते येत नसतील तर दोष आल्टरनेटरकडे किंवा त्याच्या पट्ट्याकडे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी ती साफ करा. अनेकदा नवी बॅटरी घेतली जाते आणि खरा दोष त्या पुडीत असतो.

हे सगळं ठीक असूनही दार चालत नसेल, तर मग फ्यूज, कुलूप, दांडे बघा. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांचा संगणक दाराची जागा विसरतो. अशा वेळी दार हाताने पूर्ण बंद करून मग बटणाने उघडलं की बहुधा त्याला पुन्हा आठवतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

गाडी उभी असतानाही वीज खर्च होत असते. अलार्म, कुलपाचा रिसीव्हर, संगणक थोडं थोडं पीत राहतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. लहान गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची. हिशेब तुम्हीच करा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये गाड्या महिनोन्महिने उभ्या राहिल्या. त्यानंतर किती जणांना धक्का मारावा लागला, ते तुम्हाला आठवत असेल. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेली ठेवली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. काही गाड्यांमध्ये बॅटरी डिकीतच असते. बॅटरी उतरली की विजेचं कुलूप उघडत नाही आणि कुलूप उघडलं नाही तर बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. हे ओळखून कंपन्या बोनेटखाली जोडणीचे खुंट देतात आणि किल्लीच्या पोटात धातूची साधी किल्ली लपवतात.

हा खोळंबा झाला. जिवावरचं प्रकरण वेगळं. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन आठवड्यांत तीन घटनांमध्ये ११ मुलं डिकीत अडकून दगावली. जॅनेट फेनेल यांना १९९५ मध्ये पतीसह स्वतःच्याच गाडीच्या डिकीत कोंडलं गेलं होतं. त्या वाचल्या आणि नियमासाठी झगडत राहिल्या. सप्टेंबर २००१ पासून तिथे बंद डिकीच्या नव्या गाड्यांत आतून उघडणारी मूठ सक्तीची झाली. ती अंधारात चमकते आणि पुष्कळ गाड्यांत साध्या तारेने कुलपाला जोडलेली असते.

आणि आपला २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी चढत गेलं आणि विजेच्या काचा-कुलपं बंद पडलेल्या गाड्यांत काही माणसं गुदमरून गेली. त्यानंतर अनेकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. शंभर वर्षांच्या प्रगतीनंतर लोकांना पुन्हा हाताचं हत्यार जवळ ठेवावंसं वाटलं, याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी.

आमचं म्हणणं विजेला विरोध करणारं नाही. हँडल परत यावं असं कुणालाच वाटणार नाही. पण हाताचं काम विजेला देताना हाताचा मार्ग बुजवू नये, आणि तो कुठे ठेवलाय हे गाडी वापरणाऱ्याला माहीत असावं. आज घरी गेल्यावर एवढंच करा. मागचं दार आतून हाताने कसं उघडतं ते शोधा. बहुधा आतल्या बाजूला झाकणाखाली लहान खिट्टी असते. घरातल्या मुलांनाही ती दाखवा.

एका श्रोत्याने विचारलंय, जंपर केबल लावायचा क्रम कोणता? आधी लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. काढताना क्रम उलटा.

आपण इथे थांबू. पुढच्या वेळी भेटूच.