लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आणि १९५९ चा अहवाल

३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले. त्यांनी हद्द ओलांडली ती तवांग भागात, म्हणजे तेव्हाच्या नेफात, आजच्या अरुणाचल प्रदेशात. सीमेवर त्यांना घ्यायला आसाम रायफल्सचे जवान होते. सीमेची जबाबदारी तोवर लष्कराकडे नव्हती. ती काही महिन्यांतच लष्कराकडे आली आणि ज्या अधिकाऱ्याच्या अंगावर पडली तो आपल्याच भागातला होता : ईस्टर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूर संस्थानातील वडगावचा. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी एक फौजी असलेली गावे आहेत. पण तो फौजी बहुधा शिपाई, हवालदार, फार तर सुभेदार. साताऱ्यात हे वेगळे सांगायला नको. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच राहिले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव तिथल्या शाळेत दाखल झाले. त्या काळी सुभेदार कितीही अनुभवी असला तरी कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच राहायचा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हिंदी तरुणांना सँडहर्स्टचे दार उघडले, तेही वर्षाला जेमतेम १० जागांपुरते. त्या जागा कोणत्या घरांतून भरत असतील याचा अंदाज वाचकांना आहेच. १९१७ मध्ये उभारलेली १११ महार ही पलटण मात्र १९२१ मध्ये मोडण्यात आली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत आपल्या माणसांना ती वाट पुन्हा मिळाली नाही.

थोरात सँडहर्स्टहून १९२६ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले आणि पंजाब रेजिमेंटमध्ये गेले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉची लढाई झाली. तिथे एकाच ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. हिंदी माणूस शिपाई म्हणून चांगला, पण पलटण चालवणे त्याचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. तिघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला.

१९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, पण युद्धकैद्यांचा प्रश्न राहिला. २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळण्यासाठी भारताने कस्टोडियन फोर्स पाठवला, त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात. एकदा चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले. बाहेर बंदुका तयार होत्या. गोळीबार झाला असता तर तो मेजर वाचला नसता आणि शेकडो निःशस्त्र माणसे मेली असती. थोरात मोजके अधिकारी घेऊन स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. कोरियातील कामगिरीबद्दल त्यांना अशोक चक्र वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्ती चक्र मिळाले. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हा प्रसंग मोठा वाटतो.

१९५७ मध्ये ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याने आसाम रायफल्सच्या चौकीवर हल्ला केला आणि त्यानंतर नेफाची सीमा लष्कराकडे सोपवण्यात आली. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी अहवाल लिहिला. चीन हल्ला करू शकतो. आहे त्या फौजेनिशी आणि रस्त्यांशिवाय थेट सीमारेषेवर त्याला अडवता येणार नाही. सीमेवर फक्त टेहळणीपुरत्या चौक्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, बोमडिलाच्या बाजूला द्यावी. तिथे शत्रूची रसद लांबलेली असेल आणि आपली जवळ. असा तो सरळ हिशेब होता.

लष्करप्रमुख थिमय्यांनी अहवाल संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांनी ही उगाच घातलेली भीती आहे असे ठरवून तो बाजूला सारला. थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा मांडून दाखवले.

चीनबद्दल असे बोलणारे ते पहिले नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेबांनी राज्यसभेत पंचशीलाच्या करारावर टीका केली होती. ल्हासा चीनच्या हातात जाऊ देऊन आपण त्याची सीमा आपल्या दाराशी आणून ठेवली, हा त्यांचा मुद्दा होता. एकाने तो संसदेत मांडला, दुसऱ्याने नकाशावर.

मे १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. थिमय्यांना आपल्या जागी थोरात हवे होते. सरकारने पी. एन. थापर यांना निवडले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुढे पुढे चौक्या टाकण्याचे धोरण आले, म्हणजे अहवालाच्या अगदी उलट. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीकाठी बसवलेली ब्रिगेड एका दिवसात मोडली. पाठोपाठ तवांग गेले, नोव्हेंबरात से ला आणि बोमडिलाही. सगळा दोष मेनन यांच्यावर टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. पण हे धोरण निमूटपणे राबवणारे सेनानीही होतेच.

युद्ध चालू असताना नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. हा अहवाल आपल्याला आधी का दाखवला नाही, असा त्यांचा प्रश्न होता. थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेण्यात आले. मेनन गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून आले यशवंतराव चव्हाण, जन्म देवराष्ट्रेचा, आजच्या सांगली जिल्ह्यातला, आणि वाढले कऱ्हाडात. मुख्यमंत्री असताना २३ जून १९६१ रोजी त्यांच्याच पुढाकाराने साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली होती. आज त्या शाळेत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत आणि मुलींनाही प्रवेश आहे. पुढे एनडीएमध्ये मात्र राखीव जागा नाहीत, तेव्हा तयारी सहावीपासूनच करावी लागते.

थोरात पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात त्यांनी अहवालाची हकिगत लिहिली आहे. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ च्या पराभवाची लष्कराने केलेली चौकशी, म्हणजे हेंडरसन ब्रुक्स अहवाल, १९६३ मध्ये पूर्ण झाला. चव्हाणांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत त्यावर निवेदन केले. मूळ अहवाल भारत सरकारने अजूनही प्रसिद्ध केलेला नाही.