शाईने केलेली वकिली

१८६४चा हिवाळा सरत आलाय. तुम्ही व्हाइट हाउसच्या मोठ्या भोजनदालनात आहात, पण इथे वास येतोय तो तेलरंगांचा. फ्रान्सिस कार्पेंटर या चित्रकाराने इथेच ठाण मांडलंय. पंधरा फूट रुंद कॅनव्हासवर तो २२ जुलै १८६२ची बैठक रंगवतोय: गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिंकन मंत्र्यांना पहिल्यांदा वाचून दाखवतायत.

तुमचं लक्ष मात्र जातं ते त्याने नमुन्यासाठी आणून ठेवलेल्या नकाशाकडे. वाका, जवळून बघा. ‘कोस्ट सर्व्हे’ या सरकारी खात्यातल्या एडविन हर्गेशायमरने १८६०च्या जनगणनेवरून केलेला हा नकाशा सप्टेंबर १८६१चा. आजारी आणि जखमी सैनिकांच्या मदतीसाठी तो विकला जातो. दक्षिणेतल्या प्रत्येक काउंटीत एक आकडा आहे: शंभर माणसांत गुलाम किती. आकडा चढेल तशी शाई गडद. बोट मिसिसिपी नदीच्या काठाने खाली न्या. इसाक्वेना काउंटी जवळजवळ काळीकुट्ट, शंभरात ९२हून जास्त. तेच बोट पूर्व टेनेसीच्या डोंगरांत न्या, कागद पांढरा पडत जातो.

साखळदंड नाही, गुडघे टेकलेला माणूस नाही, बायबलचं वचन नाही. गुलामगिरीविरोधी चळवळीच्या पत्रकांवर हे सगळं असायचं आणि विरोधक त्याला कांगावा म्हणून मोकळे व्हायचे. जनगणनेच्या आकड्यांशी हुज्जत कशी घालणार? दक्षिणेचं बंड राज्यांच्या हक्कांसाठी आहे, असं कुणी म्हणालं तर हा नकाशा पुढे सरकवायचा. काळा पट्टा आणि बंडाचा जोर कुठे एकत्र येतात, ते ज्याचं त्याने बघावं. माझ्या मते आजवरच्या सर्वात धूर्त प्रचारसाहित्यात याचा नंबर वरचा लागेल.

अर्थात शाई लपवतेही. ज्या तक्त्यांवरून हे आकडे आले, त्यांत मालकाचं नाव असे. त्याच्या गुलामांपुढे बहुधा फक्त वय, लिंग, वर्ण. सुमारे चाळीस लाख माणसं, बहुतेक बिननावाची.

दार उघडतं. लिंकन एकटेच आत येतात. माझा नकाशा तुम्ही पळवलात होय, मी सगळीकडे शोधतोय, असं चित्रकाराला थट्टेने म्हणतात. चष्मा लावतात, नकाशा घेऊन खिडकीपाशी जातात आणि तिथल्या ट्रंकेवरच बसतात. संघराज्याच्या सैन्यातल्या किलपॅट्रिकचं घोडदळ बंडखोर व्हर्जिनियात घुसलंय. ते बोटाने जागा दाखवतात: गुलामांची वस्ती जिथे सर्वात दाट, त्याच काउंटीच्या जवळ तो पोचलाय, परतताना बरेच गुलाम त्याच्याबरोबर सुटून येतील. म्हणजे वकिलीसाठी केलेला कागद आता मोहिमेच्या कामाला आलाय.

ते वाचतायत तोवर त्यांच्या खांद्यावरून तुम्ही मेरीलँड शोधा. राजधानीला लागूनच प्रिन्स जॉर्जेस काउंटी आहे, तिथे निम्म्याहून जास्त माणसं गुलाम. १ जानेवारी १८६३ला लागू झालेला जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखापुरता. मेरीलँड संघराज्यातच राहिलं, म्हणून तिथली गुलामगिरी आजही कायदेशीर आहे. कार्पेंटर हा नकाशा चित्राच्या उजव्या कोपऱ्यात उतरवून घेईल. पण मेरीलँडमधली माणसं कायद्याने सुटतील ती येत्या १ नोव्हेंबरला, राज्याने स्वतःची घटना बदलल्यावर.