ग्लाम्सच्या किल्ल्यातील भुते आणि माणसे

जुना किल्ला आणि भुताची गोष्ट यांचे नाते जगात सर्वत्र सारखेच आहे. पडका बुरूज, कायमची बंद केलेली खोली, वळणावळणाचा काळोखा जिना, एवढी सामग्री हाती आली की लोकांची कल्पनाशक्ती उरलेले काम करते. स्कॉटलंडच्या पूर्व भागात, डंडी शहराच्या उत्तरेस, ग्लाम्स नावाचे एक गाव आहे. तेथील किल्ल्याची ख्याती अशी की, एका छपराखाली इतक्या भुतांची वस्ती त्या देशात क्वचितच कोठे सांगितली जात असेल. रक्ताचा न पुसला जाणारा डाग, सैतानाबरोबर पत्ते खेळणारा उमराव, प्रार्थनालयात गुडघे टेकून बसलेली राखाडी वस्त्रांतली बाई आणि भिंतीआड दडवलेला राक्षस या तेथील कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात आहेत.

या कथा आपण करमणूक म्हणून ऐकतो आणि विसरून जातो. परंतु त्यांच्या मागे जाऊन इतिहास धुंडाळला तर तेथे हाडामांसाची माणसे उभी असलेली आढळतात. त्यांतील काहींवर जिवंतपणी अन्याय झाला, आणि मृत्यूनंतर दंतकथेने त्यात आणखी भर घातली.

किल्ल्याचा पूर्वेतिहास

ग्लाम्सचा किल्ला म्हणजे आपल्याकडील डोंगरी किल्ला नव्हे. स्ट्रॅथमोरच्या सुपीक, सपाट खोऱ्यात बांधलेली ती एक भव्य गढी आहे. स्कॉटलंडचा राजा दुसरा रॉबर्ट याने १३७२ मध्ये ही जहागीर सर जॉन लायन याला दिली आणि पुढे आपली कन्या जोॲना हिचा विवाहही त्याच्याशी लावून दिला. तेव्हापासून आजतागायत हे स्थान त्याच घराण्याकडे आहे. जुना दगडी मनोरा पंधराव्या शतकात उभा राहिला. आज छायाचित्रांत दिसणारे अणकुचीदार छोटे मनोरे आणि शोभिवंत दर्शनी भाग ही मुख्यतः सतराव्या शतकातील भर होय. ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या मातेचे बालपण येथे गेले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा याच वास्तूत होत असे, आणि राजकन्या मार्गारेटचा जन्म २१ ऑगस्ट १९३० रोजी येथेच झाला. म्हणजे झपाटलेली म्हणून गाजलेली ही वास्तू कधीच ओसाड पडली नाही. भुतांच्या शेजारी तेथे संसार नांदत आले.

रक्ताचा डाग

पहिली कथा राजा दुसरा माल्कम याची. तो १०३४ मध्ये ग्लाम्स येथे मरण पावला अशी जुन्या बखरींत नोंद आहे. त्याचा तेथे खून झाला आणि त्याचे रक्त जमिनीवरून कधीच निघाले नाही, असे लोक सांगत. पण आजची वास्तू माल्कमनंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी उभारली गेली. ज्या फरशीवर डाग दाखवला जाई, ती फरशीच त्या राजाच्या काळात नव्हती.

माल्कमचा नातू डंकन आणि त्याचा मारेकरी मॅकबेथ यांची गोष्ट शेक्सपिअरच्या नाटकामुळे जगभर पोचली. नाटककाराने मॅकबेथला ग्लाम्सचा सरदार केले, म्हणून किल्ल्यातील एका दालनाला 'डंकनचे दालन' असे नाव पडले. इतिहास सांगतो की डंकन १०४० मध्ये, ग्लाम्सपासून दूर उत्तरेकडे एल्गिनजवळ, लढाईत पडला. पाहुणा म्हणून झोपेत मारला गेला नाही. त्यानंतर मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला आणि तेथे त्याने गोरगरिबांना सढळ हाताने दानधर्म केला, अशी त्याच शतकातील एका मठवासीयाची नोंद आहे. तो संत नव्हता. त्या युगातील इतर राजांसारखाच तलवारीच्या बळावर सिंहासनावर बसलेला राजा होता. परंतु रोमला गेलेला यात्रेकरू लोकांच्या स्मरणातून पुसला गेला आणि निद्रिस्त अतिथीचा गळा कापणारा पापी तेवढा उरला.

पत्त्यांचा डाव

दुसरी कथा दाढीवाल्या अर्लची. अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा उमराव. क्रॉफर्डचा चौथा अर्ल अलेक्झांडर लिंडसे हा पंधराव्या शतकातील एक रागीट आणि बंडखोर सरदार होता. १४५२ मध्ये ब्रेचिन येथील लढाईत त्याचा पराभव झाला आणि पुढच्याच वर्षी तो मरण पावला. दंतकथा सांगते की एका शनिवारी रात्री तो ग्लाम्स येथे पत्ते खेळत बसला होता. मध्यरात्र होत आली. प्रभूचा दिवस उजाडत आहे, आता डाव आवरावा, असे सेवकाने विनविले. त्यावर अर्ल गरजला, "न्यायाच्या दिवसापर्यंत मी खेळेन, मग सोबतीला सैतान आला तरी बेहत्तर!" तोच दारावर थाप पडली आणि काळ्या वेषातील एक उंच अनोळखी इसम आत आला. त्या खोलीत तो डाव अजून चालूच आहे, आणि रात्री फासे आणि शिव्याशाप यांचा आवाज येतो, असे म्हणतात.

या कथेत रविवार पाळण्याचा जो कडकपणा दिसतो, तो धर्मसुधारणेनंतरच्या, म्हणजे १५६० नंतरच्या स्कॉटलंडला अधिक शोभतो. लोकांनी आपल्या काळाचा उपदेश शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या एका बदनाम सरदाराच्या गळ्यात बांधला असावा असे वाटते. त्याची फारशी कीव येत नाही, हे खरे. पण दंतकथा कशा घडतात हे त्यावरून कळते. तिला एक नाव लागते, आणि जे नाव आधीच काळे झाले आहे तेच सोयीचे पडते.

जॅनेट डग्लस

किल्ल्यातील सर्वांत करुण भूत प्रार्थनालयात दिसते असे सांगतात. राखाडी वस्त्रे ल्यालेली एक बाई मुकाट्याने प्रार्थना करीत बसलेली असते. तिच्यासाठी एक आसन नेहमी मोकळे ठेवण्याची तेथे प्रथा आहे. ही बाई म्हणजे लेडी ग्लाम्स, जॅनेट डग्लस. चेटकीण ठरवून तिला जाळले, असे बहुतेक पर्यटक ऐकून परततात.

खरी हकीकत वेगळी आहे. राजा पाचवा जेम्स हा अवघा एक वर्षाचा असताना त्याचा पिता १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर पडला. विधवा राणी मार्गारेटने पुढच्या वर्षी अँगसचा अर्ल आर्चिबाल्ड डग्लस याच्याशी विवाह केला. जॅनेट ही याच अर्लची बहीण. या सावत्र बापाने बालराजाला आपल्या ताब्यात ठेवून राज्यकारभार हाकला. १५२८ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, जेम्स त्याच्या तावडीतून निसटला, आणि डग्लस नावाचा द्वेष त्याच्या मनात कायमचा घर करून बसला. अँगस इंग्लंडला पळाला. त्याची बहीण मात्र मागे राहिली.

त्याच वर्षी जॅनेटचा पती, सहावा लॉर्ड ग्लाम्स, वारला. भावांना मदत केल्याचा आरोप तिच्यावर आला. नंतर, १५३२ मध्ये, पतीला विष घातल्याचा आरोप ठेवण्यात आला. परंतु पंच म्हणून बोलावलेले अनेक सरदार हजरच राहिले नाहीत आणि खटला बारगळला. शेजारपाजारच्या प्रतिष्ठितांना त्या आरोपाविषयी काय वाटत होते, हे त्यांच्या गैरहजेरीनेच सांगितले. पुढे जॅनेटने आर्चिबाल्ड कॅम्पबेल याच्याशी पुनर्विवाह केला.

राजाचा राग मात्र निवला नव्हता. १५३७ च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेला त्याची नवपरिणीत फ्रेंच राणी माडलेन आजाराने वारली. त्यानंतर दहाच दिवसांनी, १७ जुलैला, जॅनेटला दोषी ठरविण्यात आले. राजाला विष देण्याचा कट आणि परागंदा भावांशी संधान हे आरोप होते. त्याच दिवशी एडिंबरो किल्ल्यासमोरच्या टेकडीवर तिला जिवंत जाळण्यात आले. पुरावा मिळविण्यासाठी तिच्या नोकरचाकरांचा छळ करण्यात आला होता. सबळ पुरावा काही दिसत नाही, असे एका इंग्रज अधिकाऱ्यानेही आपल्या राजाला कळविले. तिचा पती एडिंबरोच्या किल्ल्यातून निसटण्याच्या प्रयत्नात कड्यावरून कोसळून मेला. तिच्या किशोरवयीन मुलालाही मृत्युदंड सांगून तुरुंगात डांबण्यात आले. ग्लाम्स जप्त झाले आणि राजाने तेथे आपला दरबार भरविला. १५४२ च्या डिसेंबरात राजा मरण पावला, तेव्हा कुठे मुलाची सुटका झाली. १५४३ मध्ये संसदेने त्याची मालमत्ता परत केली.

या सगळ्या प्रकरणात चेटूक कोठेच नाही. स्कॉटलंडचा चेटूकविरोधी कायदा आला १५६३ मध्ये, जॅनेटच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी. राजद्रोहासाठी स्त्रीला जाळण्याची शिक्षा त्या काळी होती, आणि तीच जॅनेटला झाली. मात्र पुढे १७३६ पर्यंत त्या देशात चेटकिणींची जी शोधाशोध झाली, तीत सुमारे चार हजार लोकांवर आरोप आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. जाळलेली स्त्री म्हणजे चेटकीण, हे समीकरण लोकांच्या मनात त्या काळात पक्के बसले आणि जॅनेटही त्या रांगेत ढकलली गेली. त्या बळींबद्दल स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांनी ८ मार्च २०२२ रोजी जाहीर क्षमायाचना केली, आणि त्याच वर्षी तेथील प्रॉटेस्टंट राष्ट्रीय ख्रिस्तसभेनेही केली. जॅनेट त्या यादीतली नव्हे. तरी तिला चिकटलेले नाव मात्र त्याच यादीतून आलेले आहे.

येथे आपणा कॅथलिकांना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १५३७ चे स्कॉटलंड हे कॅथलिक राज्य होते. राजा कॅथलिक होता, न्यायासनावर बसलेले सरदार कॅथलिक होते, आणि चितेवर चढलेली स्त्रीही कॅथलिकच होती. एकच श्रद्धा असूनही सूड थांबला नाही.

बंद खोली

चौथी कथा गुप्त खोलीची. तरुणपणी ग्लाम्स येथे एक रात्र काढलेल्या वॉल्टर स्कॉटने १८३० मध्ये लिहिले की किल्ल्यात एक गुप्त खोली आहे आणि तिचा ठावठिकाणा एका वेळी फक्त तिघांनाच माहीत असतो. त्यांत एक अर्ल आणि दुसरा त्याचा वारस असे. आश्रयाला आलेल्या ओगिल्वी घराण्याच्या लोकांना त्या खोलीत कोंडून उपाशी मारले, असे काही सांगत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र निराळीच कुजबुज सुरू झाली. घराण्यात एक विद्रूप मूल जन्मले, त्याला मृत जाहीर करून भिंतीआड वाढवले, आणि तोच 'ग्लाम्सचा राक्षस', असे लोक म्हणू लागले. खोली शोधण्यासाठी पाहुण्यांनी प्रत्येक खिडकीला टॉवेल बांधला, बाहेरून पाहिले तर काही खिडक्या बिनटॉवेलाच्या आढळल्या, अशी पुस्तीही त्याला जोडली गेली.

वंशावळीत ऑक्टोबर १८२१ मध्ये थॉमस नावाच्या एका बाळाचा जन्म आणि लगेच मृत्यू नोंदलेला आहे. पुढच्या वर्षी जन्मलेल्या भावालाही थॉमस हेच नाव मिळाले. कथेला आधार म्हणाल तर एवढाच. काही तासांचे आयुष्य लाभलेल्या एका बालकाला लोकांनी राक्षस केले.

याच घराण्यात पुढे घडलेली एक सत्य घटना या कथेहून अधिक अस्वस्थ करते. राणीमातेच्या दोन भाच्या बौद्धिकदृष्ट्या अक्षम होत्या. १९४१ मध्ये त्यांना इंग्लंडमधील एका संस्थेत ठेवण्यात आले, आणि उमरावांच्या वंशावळीच्या १९६३ च्या आवृत्तीत दोघीही मृत दाखविल्या गेल्या. वास्तविक तेव्हा दोघीही जिवंत होत्या. वृत्तपत्रांनी हे १९८७ मध्ये उघड केले, तेव्हा एकीचे नुकतेच निधन झाले होते. दुसरी २०१४ पर्यंत जगली. तसे करण्याची रीत त्या काळी अनेक घरांत होती, श्रीमंतांच्या आणि गरिबांच्याही. आपल्याकडेही असे मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत नेऊन बसवणारी घरे होती. ग्लाम्सची गुप्त खोली आजवर कोणाला सापडली नाही. या खोल्या मात्र सर्वांना ठाऊक होत्या.

माग्दालेनेची चूक

आता पुन्हा त्या प्रार्थनालयाकडे येऊ. आजच्या रूपात ते सजले १६८८ च्या सुमारास, जॅनेटच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी. याकोब द वेट या डच चित्रकाराने त्याच्या भिंती आणि छत चित्रांनी मढविले. ज्या जागी तिचे भूत प्रार्थना करते म्हणतात, ती जागा तिने या रूपात कधी पाहिलीच नव्हती. तरीही लोकांनी तिला काळकोठडीत किंवा बुरुजावर न बसवता प्रार्थनालयात बसवले, आणि तिच्यासाठी आसन राखून ठेवले. राजाच्या न्यायालयाने जे दिले नाही ते देण्याचा लोकांचा हा एक वेडावाकडा प्रयत्न असावा. म्हणून त्या कथेला हसावेसे वाटत नाही. मृतांचे आत्मे बोलावणे ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले आहे. मृतांसाठी प्रार्थना करणे मात्र ती आपल्याला शिकवते. त्या रिकाम्या आसनासमोर हे दुसरे करता येते, आणि त्यासाठी भूत दिसण्याची गरज नाही.

द वेटच्या चित्रांपैकी एका चित्रात पुनरुत्थित प्रभू येशूच्या डोक्यावर चक्क टोपी आहे. पाहणाऱ्यांना त्याचे हसू येते. पण प्रसंग मरिया माग्दालेनेचा आहे. तिने प्रभूला बागेचा माळी समजले, म्हणून चित्रकाराने त्याला माळ्याचा वेष दिला. तिची चूक दुरुस्त झाली ती एका शब्दाने. प्रभूने तिला तिच्या नावाने हाक मारली.

ग्लाम्सला जाणाऱ्या प्रवाशाला वाटाड्या राखाडी बाईची गोष्ट सांगतो, चेटकिणीची सांगतो, राक्षसाचीही सांगतो. त्या बाईचे नाव जॅनेट होते. त्या बाळाचे नाव थॉमस होते.