गिरसप्पाची चांदी आणि न मागितलेली पत्रं

शाळेच्या भूगोलात तुम्ही गिरसप्पाचा धबधबा वाचला असेल. त्याच नावाचं एक मालवाहू जहाज होतं, 'गेरसोप्पा'. डिसेंबर 1940 मध्ये ते चहा, कच्चं लोखंड आणि चांदी घेऊन कोलकात्याहून ब्रिटनकडे निघालं. वादळ आणि संपत आलेला कोळसा, म्हणून ते ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळलं. 16-17 फेब्रुवारी 1941 च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-101 ने त्याला टॉर्पेडो मारला. जहाजावर 80 हून जास्त माणसं होती, बहुतेक भारतीय खलाशी. वाचला फक्त एक, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स. तोही 13 दिवस छोट्या बोटीत काढून.

आता संशोधनाच्या नजरेने बघा. युद्धविम्यात ब्रिटिश सरकारने चांदीची भरपाई दिली, म्हणून चांदी सरकारची झाली. कागद जपले गेले. त्यांच्या आधारे 2010 मध्ये ओडिसी मरीन या अमेरिकन कंपनीला कंत्राट मिळालं: निघेल त्याचा 80 टक्के वाटा कंपनीचा. 2011 मध्ये जहाज सापडलं, सुमारे 4,700 मीटर खोल. दर 10 मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे तिथे जवळपास 470 पट! पाणबुड्या माणूस तिथे जाऊच शकत नाही. सगळं काम दूरनियंत्रित रोबोचं. 2012 आणि 2013 मिळून 2,792 विटा वर आल्या. कागदावर होत्या 2,817. म्हणजे 99 टक्के हिशेब जुळला.

पण चांदी शोधताना आणखी एक गोष्ट हाती लागली: 700 हून जास्त पत्रं. ती कुणी शोधत नव्हतं. गाळाखाली घट्ट दबलेली, ना उजेड, ना प्राणवायू, म्हणून 70 वर्षांनंतरही कागद टिकला. भारतातून घरी लिहिलेली ती पत्रं 2018 मध्ये लंडनच्या पोस्टल म्युझियमने लोकांना दाखवली.

तुम्ही पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा हे आठवा. ज्याची नोंद होती, ते शोधलं गेलं. जे कागदावर नव्हतं, ते योगायोगाने मिळालं. आणि ते खलाशी? दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या भारतीय व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पण विटेगणिक जशी मोजदाद झाली, तशी त्यांच्या आयुष्याची कुणी केली नाही.

म्हणून एक काम करा. तुमच्या विषयाची मूळ कागदपत्रं काढा आणि समासात लिहा: ही नोंद कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, आणि त्याला कशाची गरज वाटली नाही? प्रस्तावाचा पहिला चांगला प्रश्न बहुतेक त्या तिसऱ्या रकान्यातून निघतो. माझा तरी तिथूनच निघाला.