पिंपळी: जगाला नाव देऊन विस्मरणात गेलेली वेल

आजची गोष्ट एका वेलीची. नाव पिंपळी. पिंपळाचं झाड नाही हं, तो गोंधळ आधीच मिटवू. पिंपळीची पानं विड्याच्या पानासारखी, कारण ती नागवेलीच्या आणि मिरीच्याच कुळातली. फळ बोटाच्या पेराएवढं, कच्च्या तुतीसारखं. काष्ठौषधीच्या दुकानात ‘लेंडी पिंपळी’ म्हणालात की हातात पडते ती हीच.

आता गंमत बघा. संस्कृत ‘पिप्पली’चं ग्रीकमध्ये झालं ‘पेपेरी’, लॅटिनमध्ये ‘पायपर’ आणि इंग्रजीत ‘पेपर’. म्हणजे आज जग काळ्या मिरीला ज्या नावाने ओळखतं, ते नाव मुळात पिंपळीचं!

आणि मानही तिचाच मोठा होता. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने बाजारभाव लिहून ठेवलेत. एक पौंड काळी मिरी ४ दिनार, पांढरी मिरी ७ आणि पिंपळी थेट १५! पुढे काळी मिरी स्वस्त आणि मुबलक मिळू लागली. मग अमेरिकेतली मिरची जगभर पोहोचली, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडेही आली. तिखटपणासाठी पिंपळीची गरजच उरली नाही. ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली.

पण वैद्यांनी तिला सोडलं नाही. सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटू. खोकल्याला मधातून चाटवतात त्या सितोपलादी चूर्णातही ती असतेच.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो चरकसंहितेतला. तिथे ‘वर्धमान पिप्पली’ नावाचा प्रयोग आहे. पहिल्या दिवशी १० पिंपळ्या, मग रोज १० वाढवत १०० पर्यंत जायचं आणि तसंच उतरायचं. हिशेब करा, १९ दिवसांत बरोबर १००० होतात. आणि हाच ग्रंथ दुसरीकडे बजावतो की पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिरेक करू नका. विरोधाभास वाटतो ना? मला तसं वाटत नाही. प्रयोगाला सुरुवात आहे, शेवट आहे, चढ-उतार आहे. इशारा आहे तो रोजच्या सवयीबद्दल.

आयुर्वेद पिंपळीला ‘योगवाही’ म्हणतो, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाढवणारी. विसाव्या शतकात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने हाच धागा पकडला. पिंपळीत आणि मिरीत पायपरीन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे काही औषधं रक्तात जास्त प्रमाणात पोहोचतात. २००९ मध्ये भारतात क्षयरोगावरची एक गोळी आली. तिच्यात १० मिलिग्रॅम पायपरीन घातल्यामुळे रिफाम्पिसिनचं प्रमाण ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता आलं.

आता खरा मुद्दा. जी वेल औषधाचा जोर वाढवते, ती तुमच्या नेहमीच्या गोळीचाही जोर वाढवू शकते. म्हणून घरात कुणाला रोजच्या गोळ्या चालू असतील, तर ‘नैसर्गिकच आहे की’ म्हणत त्रिकटूचे चमचे सुरू करू नका. आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा. पिंपळीला घाबरायचं नाहीये, पण तिची ताकद ओळखून वागायचंय. चरकसंहितेचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?