दरीची साद आणि गिटारची गोष्ट



गिटार हें वाद्य चित्रपटांतील उडत्या चालींसाठींच जन्मास आलें आहे, असें माझें पुष्कळ वर्षें ठाम मत होतें. मी शाळेंत शिकवीत असतांना स्नेहसंमेलनाच्या प्रार्थनेबरोबर गिटार वाजवूं द्यावी, अशी एका विद्यार्थ्यानें विनंती केली; मीं ती तेथल्या तेथें फेटाळली. आज ज्या ध्वनिमुद्रिकेविषयीं बोलावयाचें आहे, ती त्यापूर्वींच निघालेली होती. मला ती ऐकावयास मिळाली मात्र फार उशिरां.

‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे ‘दरीची साद’, ही मुद्रिका 1967 सालीं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’नें प्रसिद्ध केली. तिचे निर्माते जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता घरोघर पोंचविणारे भावगीतगायक ते हेच. वकिलीचें शिक्षण घेतलेला हा गृहस्थ 1938 सालीं या कंपनींत शिरला, आणि कोर्टाऐवजीं गवयांची मनें वळविण्यांत त्याची हयात गेली. जुन्या तव्याच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटें मिळत. दीर्घ मुद्रिकेमुळें वीस मिनिटें सलग हातीं आलीं, आणि काश्मीरच्या दरींतील एका मेंढपाळाचा अखंड दिवस वाद्यांनीं सांगण्याची कल्पना शक्य झाली.

वादक तिघे, तिघेही तिशीच्या उंबरठ्यावर: संतूर शिवकुमार शर्मांची, बांसरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची. तबल्यावर माणिकराव पोपटकर. यांतील संतूर रागदारीच्या मैफलींत नवखी, आणि गिटार तर उघडउघड परकी. काब्रा जोधपूरचे, अली अकबर खांसाहेबांचे शिष्य. त्यांनीं ‘गिब्सन’ कंपनीची गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा उंच उचलल्या, स्वर धरून ठेवणारी एक जादा तार चढविली, आणि बोटांनीं पडदे दाबण्याऐवजीं तारांवरून धातूची कांडी सरकविली. पडद्यांचा अडसर गेला, आणि मींड आली. मींड आली म्हणजे आमच्या घरांत प्रवेश मिळाला!

पहाटेस अहीरभैरव व नटभैरव, सुमारें बारा मिनिटें. मग पिलू, भूप, देस आणि शेवटीं पहाडी. सहा मिनिटांत भूप कसला, असें जाणकार विचारतील. राग म्हणून तो अपुरा आहे, हें मलाही मान्य आहे. परंतु संध्याकाळ उतरावयास तेवढा पुरतो.

पुढें 1972 सालीं इंग्लंडांत रॉबर्ट फ्रिप यांची गिटार आणि ब्रायन ईनो यांची यंत्रें यांची अशीच जोडी जमली. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवावयाचे. पहिल्यावर मुद्रित झालेली फीत दुसऱ्यावर जाऊन वाजते, आणि तो आवाज पुन्हां पहिल्यावर नोंदला जातो. एकच गिटार, पण तिचे प्रतिध्वनि थरावर थर चढत जातात. 1978 पासून ईनोंनीं अशा संगीतास ‘ॲम्बियंट’ हें नांव दिलें. आपण ‘परिसरसंगीत’ म्हणूं. तें लक्ष देऊन ऐकावें किंवा खोलींत नुसतें असूं द्यावें, दोन्ही चालतें. यांत मला फारसें नवल वाटलें नाहीं. मिरजेचा तंबोरा गवयामागें दुसरें काय करीत आला आहे? मात्र तंबोरा गाण्यासाठीं असतो. तेथें तंबोराच गाणें झाला, हा फरक लहान नव्हे.

‘दरीची साद’ ही तशी मुद्रिका नव्हे. तींत स्वरविस्तार आहे, लय आहे. उपाहारगृहांत ती भांड्यांच्या आवाजाखालीं वाजवितात, तेव्हां मला राग येतो. पण येथें वडीगोद्रीस, धुळें-सोलापूर महामार्गावर रात्रभर मालमोटारी धांवतात. त्या आवाजांतच मी देस ऐकतों, आणि त्या मोटारी हळूहळू त्याच्या मागें जाऊन बसतात.

तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला आहे. गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला, तेव्हां मीं त्याला ही मुद्रिका लावून दाखविली. दुसरी बाजू संपेपर्यंत तो कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, ती गिटार मीं त्याच वर्षीं विकली.”