परभणीची नवी वस्ती व तिच्या दफ्तरांतील सन

परभणी प्रांताचें वर्णन करणारे लेखक बहुधा पाथरी, चारठाणें, जिंतूर व गंगाखेड येथेंच रमतात, आणि तें साहजिकही आहे. पाथरी हें अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचें मूळ गांव. चारठाण्यास जुनीं देवालयें. जिंतुराजवळ नेमगिरीचीं जैन लेणीं. गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमि. खुद्द परभणीविषयीं मात्र, प्रभावती देवीवरून गांवास नांव पडल्याची परंपरा सांगितली कीं वर्णन संपतें. आमच्या मतें जुन्या गांवठाणाबाहेर रेल्वेच्या आश्रयानें वाढलेली वस्ती हा येथील अभ्यासाचा महत्त्वाचा विषय आहे.

मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यांतील मीटरमापी लोहमार्ग इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झाला. कापसाच्या या मुलुखास त्यामुळें दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. स्टेशन, वखारी, जीन व मोंढा यांच्या भोंवतीं मराठी गाडीवान व हमाल, मारवाडी अडत्ये आणि उर्दू जाणणारा सरकारी नोकरवर्ग एकत्र आले. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस हिंदु-मुसलमान उभयतांचा झाला. इ. स. १९१८ मध्यें शेतकीचें प्रयोगक्षेत्र निघालें. तेथें लावलेल्या रोपाचाच विस्तार १९५६ चें कृषि महाविद्यालय व १९७२ चें कृषि विद्यापीठ होय.

अशा मिश्र वस्तीचे कागदही मिश्र असतात. निजामी दफ्तर उर्दूंत व फसली सनाचें. मराठी हिशेब मोडींत व शालिवाहन शकाचे. मारवाडी वह्या महाजनी लिपींत व विक्रम संवताच्या. दर्गा-मशिदींचे लेख हिजरी सनाचे. उदाहरणार्थ, इ. स. १९०१ चा जानेवारी महिना घ्यावा. तो फसली १३१०, शके १८२२, संवत् १९५७ व हिजरी १३१८ असा चार प्रकारें लिहिला जाईल.

येथें एक धोका आहे. उर्दू कागदावर नुसता "सन १३१०" असला व वाचकानें तो हिजरी धरला, तर इ. स. १८९२-९३ हें वर्ष निघतें; म्हणजे रेल्वे येण्यापूर्वींच स्टेशनाजवळ वखार उभी राहते! शिवाय आपणांस परिचित असलेला फसली सन मृगास सुरू होतो, तर हैदराबादचा आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरांत. सबब जून ते ऑक्टोबर या दरम्यानच्या कागदांत एका वर्षाचा फरक पडतो. कागदावर आजूर, दै, बहमन अशीं फारसी महिन्यांचीं नांवें आढळलीं तर सन हैदराबादी फसली समजावा; मोहरम, सफर, रमजान असे महिने असल्यास हिजरी.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, पुढें १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि दफ्तराची भाषा पालटली. उर्दू वाचणारे कारकून गेले. मोडी व महाजनी जाणणारे मुनीमही उरले नाहींत. न वाचतां येणारी वही घरांत अडगळ ठरते व रद्दींत जाते. राजे-सरदारांच्या सनदा जपणारे पुष्कळ आहेत. अडत्याची वही जपणारा विरळा. परंतु या वस्तीस कोणा राजाची सनद नाहीं. तिचा जन्म या वह्यांतच नोंदलेला आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, वही मिळाल्यास तिचें पहिलें पान, ज्यावर सन व पेढीचें नांव असतें, तें वेगळें काढूं नये. आणि चार लिपींचे कागद एकाच घरांत सांपडले तर ते एकत्रच ठेवावे. एकास दुसऱ्याचा आधार असतो.